‘करू की’चं इतिवृत्त

सोलापुरात कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं म्हणजे दारात आलेल्या माणसाला चहा न विचारता वाटेला लावणं. म्हणून इथल्या लोकांनी त्यावर फार पूर्वीच तोडगा काढून ठेवलाय. क्रियापद घ्यायचं आणि त्याला ‘की’ लावायची. येऊ की. देऊ की. करू की. ऐकणाऱ्याला काय समजायचं ते समजतं, बोलणारा सुटतो आणि दोघं मिळून चहा पितात. बाहेरगावच्या माणसाला हे उमगायला निदान एक उन्हाळा इथं काढावा लागतो.

भवानी पेठेतल्या ‘सुमुहूर्त’ मंगल कार्यालयाचे अध्यक्ष मानसिंगकाका या विद्येत पार मुरलेले. मूळचे केमचे, सोलापुरात येऊन केस पिकले, पण त्यांच्या तोंडून ‘नाही’ निघालेलं कुणी ऐकलं नव्हतं. कुणी देणगी मागो, कुणी ऐन मुहूर्ताला हॉल मागो, कुणी मुलीला स्थळ बघायला सांगो, काका मिशीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, “करू की!” माणूस खूश होऊन जायचा. परत यायचा तेव्हा पुन्हा खूश होऊन जायचा.

यातल्या सगळ्यात जास्त ‘की’ जमा झाल्या होत्या अंकिताच्या पदरात.

अंकिता करकंबची लेक, सोलापूरची सून. नवरा अजिनाथ टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला. ती सुमुहूर्तमध्ये लागली तेव्हा काम होतं फक्त फोन उचलायचं. मग पावत्या आल्या, तारखांची वही आली, आचारी आले, भटजींना आठवण करणं आलं, रुसलेल्या वरमाईची समजूत घालणं आलं. लाईट गेली की बडेसाबना फोन, पाणी गेलं की टँकरला फोन. प्रत्यक्ष अंतरपाट धरायचा तेवढा तिच्याकडे नव्हता. तोही एकदा धरला होता, पण ती गोष्ट वेगळी.

एवढं करून तिला पद नव्हतं. पाहुणे ‘ओ ताई’ म्हणायचे, आचारी ‘मॅडम’ म्हणायचा, आणि खर्चाच्या पत्रकात तिचं नाव ‘इतर’ या मथळ्याखाली यायचं, जनरेटरचं डिझेल आणि फिनेल यांच्या मधोमध. दर वर्षी हिशेब तपासनीस यायचे आणि तिच्याच समोर, तिनंच दिलेला चहा पीत विचारायचे, “हे इतरमधलं नाव कुणाचं?”

तिला याचं वाईट वाटायचं. अगदी सरळ, साधं वाईट वाटायचं. शाळेत लेकीच्या फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ लिहिताना तिचं पेन अडायचं.

“काका, मला काहीतरी पद द्या,” ती दर बैठकीत म्हणायची.

“देऊ की!” काका म्हणायचे.

एकदा ती जरा जास्तच मागं लागली, तेव्हा काकांनी नवी पळवाट काढली. “आधी एखादं सर्टिफिकेट आणा की ताई. कागूद असला म्हंजी आमाला बी बोलायला तोंड ऱ्हातंय. मग देऊ की!”

काकांना वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी अंकिता ‘कार्यालय प्रशासन सहाय्यक’ या अभ्यासक्रमाला नाव घालून आली. तिथल्या कारकुनानं विचारलं, “सध्या कुठल्या कार्यालयात आहात?” ती म्हणाली, “मंगल.” त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं, पण फी भरलेली होती.

वर्ग संध्याकाळी असायचा, मुहूर्त नसलेल्या वारी. शिकवायला नाजनीन मॅडम; मूळच्या नाशिकच्या, सोलापुरात नुकत्याच बदलून आलेल्या. मॅडम हुशार, बोलायला गोड आणि शिस्तीला कडक. फाईलला नाव कसं द्यावं, पत्राला उत्तर किती दिवसांत द्यावं, फोनवर काय बोलावं, सगळं करून घ्यायच्या. अंकितानं घरी आरशासमोर उभं राहून पाठ केलं, “नमस्कार, सुमुहूर्त मंगल कार्यालय, मी अंकिता बोलतेय, आपल्याला काय मदत करू?” पहिल्यांदा फोनवर तसं बोलली तेव्हा पलीकडच्या माणसानं रॉंग नंबर म्हणून ठेवून दिला.

बाकी सगळं तिला जमलं. अडलं ते शेवटच्या प्रात्यक्षिकाला. ज्याच्या त्याच्या कार्यालयातल्या खऱ्या बैठकीचं इतिवृत्त लिहायचं. त्यात निदान तीन ठराव हवेत. प्रत्येक ठरावापुढं काम कुणाचं आणि कधीपर्यंत, ते हवं. मग पुढच्या बैठकीत त्या कामांचं काय झालं त्याचा पूर्तता अहवाल, आणि त्याखाली अध्यक्षांची सही. सही नाही तर सर्टिफिकेट नाही. आणि सर्टिफिकेट नाही तर अंकिता जन्मभर डिझेल आणि फिनेलच्या मधे.

सुमुहूर्तची बैठक महिन्याच्या पहिल्या सोमवारी, जेवणाच्या हॉलमध्ये, पंख्याखाली. पंखे सगळे चालत नसल्यामुळं जागा आधी येणाऱ्याला. त्या सोमवारी काका होते, खजिनदार प्रभुअण्णा होते, लाईट आणि जनरेटर बघणारे बडेसाब होते आणि चहा घेऊन ये-जा करणारी सिद्धम्मा होती. अंकिता पहिल्यांदाच कोरी वही आणि दोन पेनं घेऊन बसली.

“वधूपक्षाच्या खोलीतला नळ गळतोय,” तिनं सुरुवात केली. “मागच्या लग्नात नवरीचा शालू भिजला.”

“बदलू की,” काका म्हणाले.

“स्टेजवरच्या राजा-राणी खुर्चीचा पाय मोडलाय. नवरदेव एका बाजूला कललेला दिसतो. सगळ्या फोटोत.”

“आमच्या वळखीचा सुतार हाय. सांगू की,” प्रभुअण्णा डोळे न उघडता म्हणाले.

“हॉलचे दोन पंखे बंद आहेत.”

“बसवू की,” बडेसाब म्हणाले. “अपलाच हॉल हाय.”

“आणि माझं पद.”

“देऊ की!” काका जोरात म्हणाले. बैठक इतकी छान चाललेली पाहून त्यांना भरतं आलं. “पुढच्या बैठकीला समद्यास्नी पुरणपोळी घालू की! म्या सोता!”

सिद्धम्मा कप गोळा करता करता थांबली. ती अक्कलकोटकडची, मराठी बोलायची, पण मधेच कानडी डोकावायची. “अक्का,” ती अंकिताला म्हणाली, “माझी अक्षरं?”

“शिकवू की, सिद्धम्मा,” अंकिता वहीतून मान वर न काढता म्हणाली.

या अक्षरांचीही एक गोष्ट होती. सुमुहूर्तच्या फाटकाशी एक मोठा बोर्ड होता. वर गणपती, त्याखाली रंगवलेलं ‘शुभविवाह’. मग ‘चि.’ आणि मोकळी जागा, ‘आणि’, मग ‘चि. सौ. कां.’ आणि पुन्हा मोकळी जागा. मोकळ्या जागेत प्लॅस्टिकची सुटी अक्षरं अडकवायची. लग्न बदललं की नावं बदलायची. हे काम सिद्धम्माचं. तिला वाचता यायचं नाही. अंकितानं लिहून दिलेल्या चिठ्ठीशी आकार जुळवून ती अक्षरं लावायची. एकदा चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि दिवसभर बोर्डावर ‘चि. सौ. कां. अजिंक्य’ असं झळकलं. नवरदेवाचे मामा जेवायला बसेनात. मग अख्ख्या वऱ्हाडासमोर सिद्धम्माला बोलणी बसली, त्यातली चार अंकिताचीही होती. तेव्हापासून सिद्धम्मा म्हणायची, “मला अक्षरं शिकवा अक्का, मग चूक झाली तर माझी मी करीन.” आणि अंकिता म्हणायची, “शिकवू की.”

अंकितानं कच्चं टिपण मॅडमना दाखवलं. मॅडमनी चष्मा लावला.

“अध्यक्ष म्हणाले, ‘बदलू की’. म्हणजे त्यांनी मान्य केलं ना?”

अंकितानं पेनाचं टोपण लावलं. आता काय सांगावं? खरं सांगायचं तर बैठकीत एकही ठराव झाला नव्हता. सगळ्यांनी मिळून अतिशय प्रेमानं काहीही न करायचं ठरवलं होतं. ते इतिवृत्तात लिहिलं तर प्रात्यक्षिक तिथंच बुडालं.

“नुसतं ‘बदलू’ नाही, ‘बदलू की’,” मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. “उलट जास्तच ठामपणे म्हणाले. किती छान! आमच्याकडं अध्यक्ष इतकं पटकन हो म्हणत नाहीत.”

“व्हय मॅडम,” अंकिता म्हणाली. एवढंच म्हणाली. खोटं तिनं एक अक्षर सांगितलं नाही. फक्त एक अर्थ पोटात ठेवला.

त्या संध्याकाळी तिनं सुवाच्य अक्षरात इतिवृत्त लिहिलं. ठराव एक, नळ बदलणे, जबाबदारी अध्यक्ष. ठराव दोन, खुर्ची दुरुस्त करणे, जबाबदारी खजिनदार. ठराव तीन, पंखे बसवणे, जबाबदारी श्री. बडेसाब. ठराव चार लिहिताना तिची तिलाच लाज वाटली, पण लिहिला: अंकिता यांस पदनाम देणे, सर्टिफिकेट प्राप्त होताच. ठराव पाच, पुढील बैठकीस अध्यक्षांनी स्वतः सर्वांस पुरणपोळी घालणे. सगळ्यांपुढं मुदत घातली. सिद्धम्माच्या अक्षरांपाशी पेन जरा घुटमळलं. हा काही बैठकीचा विषय नव्हे, असं तिनं स्वतःला समजावलं आणि वही मिटली.

मग त्याचा फोटो ‘सुमुहूर्त परिवार’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘हरकत असल्यास तीन दिवसांत कळवावी.’ त्या ग्रुपवर रोज सकाळी फुलं आणि सुविचार यायचे, त्यामुळं कुणी काही वाचायचं नाही. प्रभुअण्णांनी सवयीनं दोन हात जोडले. बडेसाबनी अंगठा दिला. काकांनी हात, अंगठा, गुलाब, सगळंच दिलं. एकमतानं मंजूर.

पण काकांचा फोन वाचणारं एक माणूस होतं. रंभाबाई, त्यांच्या पत्नी.

“अंकिता,” रंभाबाईंचा फोन आला, “ह्यांनी पुरणपोळी कबूल केलीया म्हणं?”

“केलीय काकू. ठराव क्रमांक पाच.”

“मग ती म्या करायची का त्यांनी?”

“‘म्या सोता’ म्हणाले होते. तसंच लिहिलंय.”

मग रंभाबाई हळूच म्हणाल्या, “ही अशी वही घरात बी ठेवता येती का गं?”

पुढचे दिवस अंकितानं नाजनीन मॅडमच्या शिकवणीप्रमाणं वागायचं ठरवलं. मुदतीआधी प्रत्येकाला स्मरणपत्र. ‘महोदय, ठराव क्रमांक दोन अन्वये...’ असं लिहिलेला कागद हातात पडल्यावर प्रभुअण्णा घाबरले. त्यांना वाटलं, कुठल्या तरी खात्याची नोटीस आली. संध्याकाळच्या आत सुतार स्टेजवर हजर. बडेसाबनी कागद तीनदा वाचला, बायकोला दाखवला, ‘श्री. बडेसाब’ लिहिलेलं बघून खूश झाले आणि दोन पंखे बसवून गेले. नळवाला काकांच्या घरून रंभाबाईंनीच धाडला. सगळं एकदम सुरळीत. इतकं सुरळीत, की सुमुहूर्तमध्ये येणारी माणसं दबकून चालायला लागली.

दुसरी बैठक भरली. बडेसाब दुपारचं न जेवता आले होते. प्रभुअण्णा जागे होते. आणि काका आले ते हातात डबा, मिशीला पीठ आणि बोटाला चटका घेऊन. रंभाबाईंनी खुर्चीत बसून सूचना दिल्या होत्या आणि काकांनी पोळ्या लाटल्या होत्या. एकही गोल नव्हती.

“ताई,” काका खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, “म्या कवा म्हणालो व्हय, करतो म्हणून?”

“तुम्ही ‘करू की’ म्हणालात, काका.”

“करू की म्हंजी करू व्हय?”

नवे पंखे तेवढे फिरत होते. इतकी वर्षं ज्या प्रश्नावर अख्खं गाव सुखानं नांदत होतं, तो प्रश्न काकांनी स्वतःच्या तोंडानं विचारला होता.

“मग काय म्हंजी?” बडेसाबनी निरागसपणे विचारलं. तोंडात पोळी होती.

“आवं, करू की म्हंजी... बघू की.”

“आणि बघू की म्हणजे?” अंकितानं विचारलं.

“म्हंजी...” काकांनी प्रभुअण्णांकडं पाहिलं. प्रभुअण्णांनी झोपेचं सोंग घेतलं.

“काका, तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर तसं म्हणा,” अंकिता म्हणाली. पेन तिच्या हातात होतं. “मी वहीत ‘अध्यक्षांनी नकार दिला’ असं लिहिते. आत्ता लिहिते.”

काकांनी तोंड उघडलं. ओठ ‘न’साठी तयार झाले. मिशी हलली. पण इतक्या वर्षांत त्या वाटेनं कधी काही गेलेलंच नव्हतं. शब्द काही बाहेर येईना.

“इल्ला म्हणा की अध्यक्ष,” सिद्धम्मा चहाचा ट्रे घेऊन मागं उभी होती. “आमच्यात ‘न्हाय’ला इल्ला म्हणत्यात. लई सोपं हाय. मी रोज म्हणती.”

बडेसाबना ठसका लागला. काका सिद्धम्माकडं बघतच राहिले. आणि त्यांना अचानक काहीतरी आठवलं. डोळ्यांत चमक आली.

“सिद्धम्मा, तू बी त्या दिशी कायतरी मागितली हुतीस की.”

“अक्षरं मागितली हुती.”

“मग ताई काय म्हणाल्या?”

सिद्धम्मानं अंकिताकडं पाहिलं. तिच्या पाहण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. तेच अंकिताला जास्त लागलं. “शिकवू की, म्हणाल्या.”

“आन् ह्या इतिवृत्तात त्ये कुटं हाय?” काकांनी वही ओढली, पान उलटलं, पुन्हा उलटलं. “नळ हाय. पंखे हायेत. पोळ्या तर हायेतच! सिद्धम्माच तेवढी न्हाय!” बोलण्याच्या भरात ‘न्हाय’ निसटून गेलं, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही.

अंकिताच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एवढं शिकून, एवढी वही लिहून, तिनं सगळ्यांच्या ‘की’ पकडल्या होत्या आणि स्वतःची तेवढी सोडून दिली होती. सगळ्या माणसांत जिच्याकडं दुसरी सोय नव्हती, तीच वहीबाहेर राहिली होती. आपणही सिद्धम्माला ‘इतर’मध्येच घातलं, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला काकांसमोर नव्हे, सिद्धम्मासमोर मान वर करता येईना.

“लिवा,” काका म्हणाले. आता ते खरे अध्यक्ष दिसत होते, मिशीच्या पिठासकट. “ठराव सहा. सिद्धम्माला अक्षरं शिकवणे. जबाबदारी, अंकिताताई. आन् जवर ती बोर्ड चिठ्ठीबिगर लावत न्हाय, तवर ह्या कागदावर माझी सही न्हाय.”

अहवाल द्यायला पंधरवडा उरला होता.

अंकिता दुसऱ्या दिवशी सकाळीच प्लॅस्टिकच्या अक्षरांचं पोतं घेऊन वधूपक्षाच्या खोलीत बसली. न गळणाऱ्या नळाखाली सिद्धम्मानं हातपाय धुतले आणि समोर मांडी घातली. शिकवणं सोपं नव्हतं. सिद्धम्मा आकार सगळे ओळखायची, पण प्रत्येकाला तिची तिची नावं होती. ‘क’ म्हणजे कानातली बाळी, ‘श’ म्हणजे पोट सुटलेला पाव्हणा, ‘ठ’ म्हणजे भाकरी. “ह्याला ठ म्हणायचं,” अंकिता म्हणायची. “कशाला?” सिद्धम्मा विचारायची. शेवटी दोघींनी तडजोड केली. भाकरीला ठ म्हणायचं, पण मनात भाकरीच ठेवायची. मात्रा, वेलांट्या, उकार, सगळं हळूहळू बसत गेलं. कधी भांडी घासता घासता सिद्धम्मा मधेच हाक मारायची, “अक्का, ‘परात’मधी तो डोक्यावर काना न्हाय, बाजूला हाय, खरं का?” आणि अंकिता फोनवर ‘नमस्कार, सुमुहूर्त’ म्हणता म्हणता मान हलवायची.

परीक्षेचा मुहूर्त ठरला तो रविवारच्या लग्नाचा. नवरदेवाचं नाव नंदीश. नवरीचं नाव सृष्टी.

“ई... ह्या पोरीला सोपं नाव न्हाय ठेवलं व्हय कुणी?” सिद्धम्मा म्हणाली.

सकाळी काका फाटकाशी खुर्ची टाकून बसले. शेजारी बडेसाब, माळा लावायचं निमित्त करून. अंकिताला बोर्डाजवळ जायची बंदी. ती ऑफिसच्या खिडकीतून बघत राहिली. वऱ्हाड यायच्या आत नावं लागायला हवी होती.

‘नंदीश’ सिद्धम्मानं झरझर लावलं. पोट सुटलेला पाव्हणाही बरोबर बसला. मग ‘स’. मग ती पोत्यात हात घालून चाचपत राहिली. बराच वेळ चाचपत राहिली. सगळी अक्षरं जमिनीवर ओतली.

“काय गं?” काकांनी विचारलं.

“पायाखालचं ते बाकदार न्हाय. सृचं. हरवलंय.”

खरंच हरवलं होतं. इतक्या वर्षांत कुणाला लागलंच नव्हतं. “मग ‘सु’ लाव की,” बडेसाब म्हणाले. “लोकं समजून घेत्यात.”

“इल्ला,” सिद्धम्मा ठणकावून म्हणाली. “सुष्टी म्हंजी दुसरी बाई.”

तिनं कमरेवर हात ठेवून बोर्डाकडं पाहिलं. मग अंबाड्यात हात घातला, एक काळा आकडा ओढून काढला, दातात धरून वाकवला आणि ‘स’च्या पायाशी अडकवला. दोन पावलं मागं येऊन बघितलं. परत पुढं जाऊन जरासा डावीकडं कलता केला. त्यानंतर अर्धा ष, ट, वेलांटी. केसांची एक बट सुटून कपाळावर आली होती, ती तिनं कानामागं सारली आणि बोट ठेवून ठेवून, मोठ्यानं वाचलं, “चि... सौ... कां... सृ...ष्टी.”

अंकिता खिडकीत उभ्या उभ्या रडली. तिला तिथून धावत जाऊन सिद्धम्माला मिठी मारायची होती, पण तेवढ्यात फोन वाजला आणि ती हुंदका देत म्हणाली, “नमस्कार, सुमुहूर्त मंगल कार्यालय.” पलीकडच्या माणसानं घाबरून विचारलं, “ताई, तितं काय वाईट झालंय का?”

काकांनी सही केली. करण्याआधी अहवालातला ठराव सहा दोनदा वाचला आणि ‘पूर्ण’ या शब्दापुढं स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘उत्तम’.

सर्टिफिकेट आलं ते बैठकीच्या सोमवारी. आदल्या शनिवारी संध्याकाळी अभ्यासक्रमाच्या संस्थेतून फोन आला होता आणि त्या वेळी सिद्धम्मा तिथंच फरशी पुसत होती. सकाळी अंकिता तयार होत असताना कारखान्यातून अजिनाथचा फोन आला. त्याचा आवाज विचित्र होता.

“अंकिता, तुझं आज लग्न हाय म्हणं?”

“काय?”

“पेठेतनं तिसरा माणूस सांगतोय मला. बोर्ड लागलाय म्हणं. मला निदान सांगायचंस तरी.”

अंकिता रिक्षा करून आली. फाटकाशी ही गर्दी. वर गणपती, त्याखाली ‘शुभविवाह’, आणि त्याखाली, एकेक अक्षर नीट ओळीत:

चि. सटिपिकेट आणि चि. सौ. कां. अंकिता.

एक म्हातारबा शेजारच्याला विचारत होते, “नवरदेव कुटल्या गावचा म्हणायचा?” काका बोर्डाखाली उभे राहून मिशीतल्या मिशीत हसत होते. बडेसाबनी दिवसाढवळ्या माळा पेटवल्या होत्या.

“चुकलं का अक्का?” सिद्धम्मानं विचारलं. तिला गर्दीची काळजी वाटायला लागली होती. “फ गावला न्हाय म्हणून प लावला.”

“नाही,” अंकिता म्हणाली. “बरोबर आहे. अगदी बरोबर आहे.”

बैठकीत पहिलाच विषय तिचा निघाला. तिनं सर्टिफिकेट टेबलावर ठेवलं आणि वही उघडली. “ठराव क्रमांक चार, काका. पदनाम.”

“देऊ की,” काका म्हणाले. पेन कागदावर टेकलं. काकांनी पेनाकडं पाहिलं, अंकिताकडं पाहिलं, दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सिद्धम्माकडं पाहिलं. मग मिशीवरचा हात खाली घेतला. “देतो,” ते म्हणाले. “कार्यालय प्रशासक. आजपासनं. लिवा.”

अंकितानं लिहिलं. लिहिताना अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठं आलं.

बैठक उठली. सिद्धम्मा कप गोळा करायला आली आणि टेबलावरच्या सर्टिफिकेटवर वाकली. मराठी ओळी तिनं बोट ठेवून वाचल्या. खालच्या ओळीशी बोट थांबलं.

“ही कुटली अक्षरं, अक्का? ही वळखीची न्हाईत.”

“ती इंग्रजी.”

“ती बी शिकवणार?”

“शिकवू—” अंकिता म्हणाली, आणि पुढचं अक्षर तिनं गिळून टाकलं. वही परत उघडली, पेनाचं टोपण काढलं. “उद्या सकाळी. नऊ वाजता. कप राहू दे, आधी बस इथं.”